परसातलं न उगवणारं गवत

पनवेलहून मालडुंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं नेरे गाव आहे. शांतिवनामुळे त्याचं नाव अनेकांच्या कानावर असतं. जवळून गाढी नदी वाहते, पलीकडे माथेरानचे डोंगर दिसतात आणि पावसाळ्यात नजर जाईल तिथे हिरवं. अशा गावात कुणी पैसे मोजून प्लॅस्टिकचं गवत अंथरावं, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. मलाही आलं होतं. पण ते माझ्याच परसात अंथरलं गेलं. त्या खटाटोपात जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

सगळ्याला कारण माझी नात. वय वर्षं तेरा, गोलंदाजीचं वेड. तासाच्या भाड्याने मिळणारी टर्फ आता पनवेलच्या आसपास बरीच झाली आहेत. पण संध्याकाळचे तास मुलांच्या टोळ्यांनी आधीच धरलेले. एकदा ती म्हणाली, ‘‘नाना, मला कुणी नाही म्हणत नाही. पण माझा नंबरच लागत नाही.’’ या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कृत्रिम गवताचा जन्मही अशाच एका अडचणीतून झाला. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात अ‍ॅस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं भव्य स्टेडियम बांधलं. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उन्हाने खेळाडूंचे डोळे दिपत, म्हणून तावदानं रंगवली. ऊन थांबलं तसं आतलं खरं गवतही मेलं. मग १९६६ साली तिथे नायलॉनचं गवत बसवलं आणि स्टेडियमवरून त्याला ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ नाव पडलं. पुढे १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा अशा मैदानावर खेळली गेली. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ तिथे सातवा आला. पराभवाची कारणं अनेक असतील; पण मातीत आणि गवतात वाढलेल्या पोरांचा खेळ महागड्या मैदानावर गेला, एवढं खरं. मैदान बदललं की कुणाला खेळता येईल, तेही बदलतं.

आता आमच्या परसाकडे येतो. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे सहासष्ट फूट. फलंदाजामागे जाळी आणि गोलंदाजाला थोडी धाव हवी, म्हणून ऐंशी फूट लांब आणि बारा फूट रुंद पट्टा आखला. गवत दोन तऱ्हेचं मिळतं. फुटबॉलसाठी पातं चाळीस-पन्नास मिलिमीटर उंच असतं आणि त्यात वाळू व रबराचे बारीक दाणे भरतात. क्रिकेटच्या सरावाला पातं आखूड लागतं, साधारण दहा-बारा मिलिमीटर. नाहीतर चेंडू उसळतच नाही. त्याच्याखाली बहुधा काँक्रीट असतं. गवताच्या गुंडाळ्या सतरंजीसारख्या पसरायच्या, पाती एकाच दिशेला झुकतील असं पाहायचं आणि सांध्याखाली पट्टी घालून डिंकाने चिकटवायच्या. हे काम दोन दिवसांचं. खरं काम त्याखालचं आहे, आणि तिथेच आम्ही फसलो.

ठेकेदाराने माती खोदली, खडी दाबली, वर काँक्रीट ओतलं. दिसायला सपाट, सुरेख. मला उतार दिसला नाही. पण कवीला काय कळतंय, म्हणून गप्प बसलो. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. पाणी गवताखाली साचलं, सांधे उकलले आणि गालिचा होडीसारखा तरंगू लागला. त्याहून वाईट म्हणजे कुंपणाखालून लोंढा शेजाऱ्यांच्या शेतात शिरला आणि त्यांची भाताची कोवळी रोपं आडवी झाली. सकाळी ते दारात आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘भाई, तुमचं गवत पाणी पीत नाही, हे कळलं. पण मग त्याच्या वाटणीचं आमच्या शेताला पाजू नका.’’

त्या सकाळी मला हा विषय खऱ्या अर्थाने समजला. मातीचं परस निम्मं पाणी पोटात घेत होतं, ते आम्ही बंद केलं होतं. ज्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे गवताआधी पाण्याचा विचार हवा. शेजाऱ्यांची रोपं आधी भरून दिली. पावसाळा संपल्यावर गवत गुंडाळून काँक्रीटवर नवा थर दिला आणि एका बाजूला उतार काढला. शंभर फुटांना एक फूट हा हिशोब. बारा फुटांना जेमतेम दीड इंच. त्या कडेने चर खणून भोकं पाडलेला पाइप टाकला, वर खडी भरली आणि पाणी आमच्याच आवारातल्या शोषखड्ड्यात सोडलं. विहिरीत मुद्दाम सोडलं नाही. पाती झिजतात, त्यांचे प्लॅस्टिकचे कण पाण्याबरोबर जातात. मैदानात भरायच्या रबरी दाण्यांच्या विक्रीवर युरोपीय संघाने २०२३ साली बंदीचा निर्णय घेतला, तो याच काळजीपोटी. बदलासाठी आठ वर्षांची मुदत दिली आहे.

आणखी दोन गोष्टी. हे गवत उन्हात भयंकर तापतं. एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. पाणी मारलं तरी थोड्याच वेळात पुन्हा तापतं. म्हणून आमचा खेळ सकाळी आणि संध्याकाळीच. दुसरं, हे कायमचं नाही. आठ-दहा वर्षांनी बदलावं लागतं आणि जुनं कुठे टाकायचं, हा प्रश्न उरतोच. ज्याच्याकडे सपाट मातीचं अंगण आहे, त्याने आधी चटई अंथरून पाहावी, असंच मी सांगेन.

पट्ट्याच्या वाटेत माझ्या अम्मीने लावलेली मेंदी येत होती. ठेकेदार म्हणाला, काढू. मी नाही म्हटलं. त्यामुळे गोलंदाजाची धाव मेंदीला वळसा घालून जरा तिरकी येते. नातीची तक्रार नाही. ‘‘नाना, बॅट्समनला मी उशिरा दिसते,’’ म्हणते.

२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. नेऱ्यापासून ते काही फार दूर नाही. आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो, शेजारीही होते. दुसऱ्या दिवशी मी फजरची नमाज आटोपून मागे गेलो, तर जाळीपाशी पाच मुली उभ्या. तीन तर मी कधी पाहिलेल्याही नव्हत्या. नातीने माझ्याकडे पाहिलं. मी परसाच्या फाटकाचं कुलूप काढलं. ते त्यानंतर लावलेलं नाही.