गाडीचा क्लच व गिअर : दोष कोठें आहे तें आधीं ओळखावें

बाजारास माल नेणारी जीप अगर पिकअप गाडी गिअर घेईनाशी झाली, कीं पुष्कळ शेतकरी बंधु गिअरपेटी बिघडली असें समजून ती उघडण्यास संमति देतात व नाहक खर्चांत पडतात. वास्तविक दोष पुष्कळदां क्लचमध्येंच असतो, व तो घरच्या घरीं ओळखतां येतो.

गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक ओढावा. इंजिन बंद असतां गिअर सुरळीत पडतात, पण चालू असतां पेडल पूर्ण दाबूनही करकरतात, तर क्लच पुरता सुटत नाहीं असें समजावें. क्लच तेलाच्या दाबानें चालणारा असल्यास डबींतील तेल पाहावें. कमी असल्यास गळती शोधावी व नळींतील हवा काढवावी. तेथें इंजिनचें तेल कदापि घालूं नये. त्यानें रबरी सील फुगून निकामी होतात. क्लच तारेचा असल्यास तार ढिली झाली कीं काय तें पाहावें.

चढावर इंजिनचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाहीं व जळका वास येतो, तर क्लच घसरत आहे. तारेच्या क्लचास पेडलाचा थोडा मोकळा खेळ हवा. तो नसल्यास तार गाडीच्या पुस्तकाबरहुकूम सैल करावी. तरीही घसरल्यास प्लेट झिजली अगर तीस तेल लागलें असावें.

इंजिन बंद असतां, गाडी किंचित् ढकलूनही गिअर पडत नसेल, तर प्रथम दांड्याची जोडणी तपासावी. गिअरपेटीचा विचार त्यानंतर.

पेडलावर पाय टेकून गाडी हांकूं नये, व चढावर अर्ध्या क्लचवर ती तोलून धरूं नये. एवढें पथ्य पाळल्यास प्लेट पुष्कळ दिवस टिकते, हें चालकास बजावून सांगावें, अशी आमची सूचना आहे.