आंतरतारकीय धूळ (लेखांक ९) : एका फोटॉनचा तडाखा

कणांवरच्या बर्फाचा विषय आठवडाभर पुढे ढकलतो आहे, कारण लातूरच्या एका वाचकाचं पत्र. ते विचारतात, ‘ढगातले कण वीस केल्विनच्या आसपास असतात म्हणता, मग काही तेजोमेघ जवळच्या अवरक्तात का झळकतात?’

प्रश्न बिनतोड आहे. वीनच्या नियमानुसार २० केल्विनचा कण १४५ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक प्रकाश देतो. ३ मायक्रॉनपाशी झळकायला हजार केल्विन हवेत. क्रिस सेलग्रेन यांनी वृषपर्वा तारकासमूहातला एनजीसी ७०२३ आणि मृगातले एनजीसी २०२३ व २०६८ हे परावर्तन तेजोमेघ तपासले, तेव्हा रंगावरून तापमान निघालं हजार केल्विनच्या घरातलं! शेजारच्या ताऱ्याच्या प्रकाशात नेहमीचा धूलिकण तिथे शंभर केल्विनही गाठत नाही. शिवाय ताऱ्यापासून दूर जावं तशी चमक मंदावत होती, तापमान मात्र ढळत नव्हतं.

१९८४ मध्ये त्यांनी मांडलेलं उत्तर मला धुळीच्या सगळ्या कहाणीत सर्वांत प्रिय आहे. हे कण जेमतेम नॅनोमीटरभर आहेत. तांब्याभर उकळतं पाणी विहिरीत ओतलं तर काही कळत नाही, तेच वाटीभर पाण्यात ओतलं तर चटका बसतो. ०.१ मायक्रॉनच्या कणात कोट्यवधी अणू असतात. अतिनील फोटॉन एक आला काय, दहा आले काय, त्याचं तापमान जाणवण्याइतकं हलत नाही. पन्नास-शंभर अणूंचा कण मात्र एकाच फोटॉननं हजार केल्विनवर उसळतो, ती ऊर्जा अवरक्तात फेकून पाहता पाहता गार होतो आणि पुढच्या फोटॉनपर्यंत तसाच राहतो. ताऱ्यापासून दूर गेलं की फोटॉन विरळ होतात, पण प्रत्येकाचा तडाखा तेवढाच. म्हणून चमक घटते, तापमान नाही. खरं तर अशा कणाला एक ठरावीक तापमान नसतंच.

हे कण कशाचे? १९७३ मध्ये जिलेट, फॉरेस्ट आणि मेरिल यांना ग्रहसदृश तेजोमेघांच्या वर्णपटात ११.३ मायक्रॉनला एक अनोळखी उंचवटा दिसला होता. पुढे ३.३, ६.२, ७.७ आणि ८.६ मायक्रॉनचे उंचवटेही त्याच कुळातले ठरले. लेजे आणि प्युजे यांनी १९८४ मध्येच त्यांचा संबंध बेंझिनसारख्या षटकोनी कड्या जोडून बनलेल्या सपाट रेणूंशी लावला. काजळीत, डांबरात असतात तेच हे बहुचक्रीय हायड्रोकार्बन. ३.३ मायक्रॉन म्हणजे त्यांच्यातल्या कार्बन-हायड्रोजन बंधाचं ताणणं. १९८३ च्या आयरास उपग्रहाला विरळ ढगांमध्येही १२ मायक्रॉनला अपेक्षेपेक्षा फार जास्त प्रकाश मिळाला होता. त्याचा उलगडाही या कणांनीच होतो.

पत्रलेखकांसाठी एक पुरवणी. ही झळाळी ढगाच्या कडेलाच असते. अतिनील प्रकाश दाट गाभ्यात पोचत नाही, त्यामुळे तिथे हे लहान कणही मुके. तिथल्या थंडीत मोठ्या कणांवर पाण्याचा बर्फ साचतो आणि ३.१ मायक्रॉनचा प्रकाश शोषून घेतो. तो पुढच्या आठवड्यात.