नियम एक, खिसे वेगळे

इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, सलग तीन हंगाम खेळणाऱ्या क्लबला एकूण ३.९ कोटी पौंडांपर्यंतचा तोटा चालतो. मर्यादा सगळ्यांना सारखी, मिळकत नाही. प्रीमियर लीगमधून घसरलेल्यांना तिथल्या प्रक्षेपण-उत्पन्नाच्या समान वाट्यातले पहिल्या वर्षी ५५, मग ४५ आणि (तिथे एकाहून जास्त हंगाम टिकले असतील तर) २० टक्के ‘पॅराशूट’ म्हणून मिळतात. नियम तोटा मोजतो, खर्च नव्हे. त्यामुळे ज्याची आवक मोठी, त्याला उधळायची मुभाही मोठी. पॅराशूट नसेल तर जुन्या पगारांखाली क्लब बुडतील, हा आक्षेप रास्त आहे. पण घसरणीबरोबर पगारकपातीचे कलम करारात घालता येतेच. ल्यूटन २०२३मध्ये पॅराशूटविना वर चढला खरा, तरी एकाने उडी मारली म्हणून भिंत ठेंगणी ठरत नाही. ती भिंत ओलांडू पाहणाऱ्या डर्बीने २०१८मध्ये मैदान मालकाच्याच कंपनीला ८.१ कोटींना विकले (कागदोपत्री नफा!), पुढे दिवाळखोरी आणि खेळाडूंच्या किमतींच्या हिशेबातील गफलत यांपायी २०२१-२२मध्ये २१ गुण गमावून तो तिसऱ्या श्रेणीत गेला.