टँकरवरच्या '१२०३' या आकड्याचा अर्थ काय? अपघातावेळी तोच कामी येतो

पुढच्या टँकरवर '३वायई' आणि '१२०३' अशी पाटी दिसते? १२०३ म्हणजे पेट्रोल. १०७५ एलपीजी, १०१७ क्लोरिन. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले हे क्रमांक जगभर तेच. '३' अग्निशमन दलाला सांगतो, फोम वापरा. 'ई' म्हणजे परिसर रिकामा करण्याचा विचार करा.

अशा टँकरच्या चालकाला तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद सक्तीची आहे. टँकर उलटल्यावर कॅन घेऊन धावणाऱ्यांना मात्र कुणीच काही शिकवलेलं नसतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत लांबवर पसरते. दूरची एक ठिणगीही पुरते.

वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब जा, मग ११२ वर हा क्रमांक सांगा. पाटी वाचायला जवळ जाऊ नका, लांबूनच मोबाइलचा कॅमेरा झूम करा.