शेंडा साफ करण्याचे पैसे

गणपतीपुळ्याच्या एका बागायतदाराची तक्रार ऐकून त्यांच्या वाडीत गेलो. "पोरं शिकून येतात, सरसर चढतात, पण माडाकडे बघत नाहीत." दोष शिकवण्याचा असणार, असं मीही धरून चाललो होतो.

नारळ विकास मंडळाचं माडावर चढण्याचं प्रशिक्षण 2011 साली सुरू झालं. सहा दिवसांचं, आणि शेवटी चढायचं यंत्र फुकट. वाडीत आलेला मुलगा तिथंच शिकलेला. खोडाभोवती पोलादी दोराचे दोन फास. एका पायावर भार दिला की तो फास आवळतो, मग दुसरा वर सरकवायचा. बघता बघता तो झावळांत पोचला, कोयता चालला, नारळ धपाधप पडले, आणि स्वारी खाली.

वरची कोवळी झावळ त्रिकोणी कातरल्यासारखी दिसत होती. गेंडा भुंग्याचं काम. बघितलंस का, असं विचारल्यावर त्याने भुंगा कुठे शिरतो, तारेच्या आकड्याने ओढून कसा काढायचा, भोकात काय भरायचं, सगळं घडाघडा सांगितलं. म्हणजे शिकवण्यात काही कमी नव्हती!

"मग काढला का नाहीस?"

"दर माडामागे आहे. भुंगा काढेपर्यंत दोन माड होतात."

वाडीतले म्हातारे काका अजून पायात दोरीचा फास अडकवून चढतात. लहानपणी वडिलांनी त्यांना आधी कित्येक महिने खालीच ठेवलं होतं. गळलेली फळं गोळा करायची आणि कुठल्या माडाची, ते सांगायचं. "सहा दिवसांत चढायला येतं हो," ते म्हणाले, "आम्हाला माड ओळखायला लावले." त्यांचा मोबदला मात्र नारळातच, त्याच त्या माडांवरचा. आज भुंगा सोडला तर पुढच्या पाडणीत स्वतःचाच वाटा कमी.

मला काकांच्या गुणगानात शिरायचं नाही. त्यांच्या मुलांपैकी कुणीही माडावर चढत नाही, आणि यंत्रावरचा हा मुलगा नसता तर अर्ध्या वाडीचे नारळ झाडावरच सुकले असते. सहा दिवसांत तो जे शिकला ते पक्कं आहे. त्यातलं आपण ज्याचे पैसे देतो, तेवढंच तो वापरतो.

तेव्हा बागायतदारांनो, पुढच्या पाडणीचा दर ठरवताना शेंडा साफ करण्याचे आणि भुंगा काढण्याचे पैसे वेगळे बोला. आणि दर खेपेला त्याच मुलाला बोलवा.