चाकांवरच्या ओट्याचं सिंक

वाळूज औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची शेड. मे महिना, सकाळचे अकरा. पत्रा तापून तडतडतोय. शेजारच्या प्रेसशॉपमधून दर दोन-तीन सेकंदांनी धप्प असा आवाज येतो आणि पायाखालची फरशी थरथरते. शेडच्या मधोमध एक लांब व्हॅन उभी आहे. पूर्वी तिच्यात सीटांच्या रांगा होत्या. आता मागे पलंग आहे, टपावर सोलर पॅनल आहे आणि सरकत्या दाराला लागून ओटा आहे. ओट्यातलं सिंक बदलायचंय.

मिस्त्री सिंकच्या कडेवर अंगठा दाबतात. कड खाली जाते. अंगठा काढला की वर येते. फायबरचं पांढरं सिंक, आता पिवळट पडलेलं. ते खालचं दार उघडून आत बॅटरी मारतात. प्लायचे थर सुटलेत. कडेला बोट लावलं की ओला भुगा हाताला येतो.

"सिंक फुटलेलं नाही," ते म्हणतात. "गाडी हलती, सिंक हलतं, कडेचं सिलिकॉन सुटतं. मग पाणी प्लायमधी उतरतं. घरच्या ओट्याला हा त्रास नसतो."

गाडीचे मालक निवृत्त शिक्षक आहेत. मिस्त्री त्यांना सर म्हणतात, त्यांच्या पत्नीला काकू. काकू पिशवीतून भांडी काढून ओट्यावर मांडतात. तीन लिटरचा कुकर, कढई, तवा, चहाचं पातेलं. जुन्या सिंकमध्ये कुकर ठेवून दाखवतात. तो तिरका बसतो, दांडा ओट्यावर अडकतो. मिस्त्री टेप लावतात. सिंकचं भांडं आतून १२ बाय १०. कुकर दांड्यासकट १५ इंच.

"कुकर आडवा मावला पाहिजे," काकू सांगतात. "बाकी शोभा नंतर."

मिस्त्री टेप पुढं सरकवतात. ओट्याची रुंदी २० इंच. खाली डाव्या हाताला पाण्याचा पंप, उजव्या हाताला गॅसचा कप्पा. मध्ये उरते जेमतेम १९ इंच जागा. वहीच्या पानावर ते चौकोन काढतात, आत आकडे टाकतात. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. म्हणून जुन्याहून मोठं आणि कप्प्याहून लहान, एवढ्यातच निवड करायची आहे.

रविवार आहे. जाफर गेटच्या बाजारात पाऊल टाकायला जागा नाही. जमिनीवर ताडपत्र्या अंथरल्यात. जुने पाने, पक्कड, ड्रिलचे बिट, नळांच्या तोट्या, मोटारींची कलेवरं. उन्हात लोखंडाला हात लावला की चटका बसतो. एका ताडपत्रीवर जुनी सिंक एकात एक घालून ठेवलीत. विक्रेता वरचं काढून ठणकावतो.

"चाचा, हे कोणत्या नंबरचं?"

"स्टील है भाऊ, पक्कं स्टील. घेऊन जा."

सर ते उलटं करतात. जाळीच्या भोवती तांबूस ठिपके आहेत, एका कोपऱ्यात पोचा आहे. कड पूर्ण सपाट नाही. सपाट नसलेली कड ओट्यावर नीट बसणार नाही, हे मिस्त्री नजरेनंच ओळखतात. पुढं चालू लागतात.

मोंढा नाक्याच्या अलीकडचं सॅनिटरीचं दुकान. आत पंखा गरगरतोय, पण हवा गरमच. भिंतीवर सिंक टांगलीत. एकभांडी, दोनभांडी, ड्रेनबोर्डवाली. काउंटरवर गर्दी आहे. एका बांधकामाचे दोन गवंडी एल्बो मोजून घेतायत. एक बाई तुटलेलं वेस्ट कपलिंग हातात धरून उभ्या आहेत. आपली पाळी यायला वेळ लागतो. तोवर काकू एकेका भांड्याच्या तळाशी हात फिरवून बघतात.

दुकानदार आधी काळं, दगडी दिसणारं क्वार्ट्झचं सिंक पुढं करतो. देखणं आहे. उचलायला दोन्ही हात लागतात. मिस्त्री मान हलवतात. गाडीत वजन मोजून घ्यायचं असतं. पाण्याची टाकी ९० लिटरची, म्हणजे भरल्यावर नुसतं पाणीच ९० किलो. त्यात धक्के. जड सिंक दर खड्ड्याला प्लायवर आदळणार.

मग स्टील. सर खिशातून चुंबक काढतात. तो एका स्वस्त सिंकला खटकन चिकटतो. दुसऱ्याला चिकटत नाही. सर खूश होतात. दुकानदार हसून सांगतो, "सर, एवढ्यावर जाऊ नका. २०२ नंबरलाही चुंबक धरत नाही. ३०४ वर शिक्का बघा, बिलावर लिहून घ्या." ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ते स्वस्त पडतं, पण मिठाच्या पाण्याला लवकर हरतं. रस्त्यात कुठल्याही गावच्या बोअरचं पाणी टाकीत भरायचं, तर हा फरक महत्त्वाचा.

शेवटी दोन उरतात. दोन्ही १८ बाय १६, एक मिलिमीटर पत्र्याची. एकाची खोली सहा इंच, दुसऱ्याची आठ. सहा इंची घेतलं तर खाली जागा वाचते. आठ इंचीत पाणी उसळून बाहेर येत नाही. काकू पिशवीतून कुकर काढतात आणि भर दुकानात आठ इंची सिंकमध्ये आडवा ठेवतात. कुकर बसतो. गवंडीही वळून बघतात. दुकानदार बिल फाडायला घेतो.

परतीच्या वाटेवर गोलवाडीच्या पुलाआधी ट्रकांची रांग लागलीय. समोर कंटेनर, बाजूला कामगारांची बस. वाळूजला १९८५ साली दुचाक्यांचा मोठा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्यानं पत्रा कापणारी, वाकवणारी, जोडणारी छोटी वर्कशॉप आसपास वाढली. गाड्यांत घर बांधून देणारे हात त्यातूनच आलेत. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांची विचारपूस होते, मिस्त्री सांगतात. रांग हलत नाही. सिंकचं खोकं मांडीवर घेऊन सर खिडकीबाहेर बघत बसतात.

शेडमध्ये काम सुरू होतं. आधी बॅटरीची वायर काढतात, मग गॅसची तोटी बंद. जुनं सिंक पटाशीनं उचलल्यावर कुबट वास येतो. सडलेला प्लाय कापून काढला जातो आणि तिथं नवा तुकडा बसतो. नव्या सिंकचा कागदी साचा ओट्यावर चिकटवतात. बाहेरचं माप १८ बाय १६, कापायचं १७ बाय १५. चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच कड टेकायला ठेवायची. कोपऱ्यांत ड्रिल, मग जिगसॉ. भुसा उडतो, घामावर चिकटतो.

कापलेल्या कडेवरून मिस्त्री हळूच बोट फिरवतात. कानस मारतात. मग इपॉक्सीचा पातळ हात देतात, एकदा आणि वाळल्यावर पुन्हा. हे काम कुणाला दिसणार नाही. पण पाणी शिरतं ते इथूनच.

सिलिकॉनची अखंड रेघ कडेभोवती पडते. आंबूस वास सुटतो. सिंक खाली बसतं, कडेनं थोडं सिलिकॉन बाहेर येतं. खालून क्लिपा आवळतात, पण पूर्ण नाही. "सगळं पिळून काढलं तर मधी राहील काय?" मिस्त्री विचारतात. क्लिपांना नायलॉक नट आहेत, मोटारीत वापरतात ते. धक्क्यानं ते सैल होत नाहीत.

आता पाइप. नागमोडी प्लास्टिकचं नळकांडं ते बाजूला ठेवतात; त्याच्या वळ्यांत खरकटं अडकतं. गुळगुळीत पाइप, एक यू वळण, जमिनीच्या भोकात रबरी बुश आणि गाडीखालच्या ६० लिटरच्या सांडपाण्याच्या टाकीआधी एक बॉल व्हॉल्व्ह. धावत्या गाडीत यू वळणातलं पाणी हिंदकळून निघून जातं आणि टाकीचा वास वर येतो. म्हणून व्हॉल्व्ह. पाइपावर पाणसळ ठेवतात.

"उतार दिला की पाण्याला कुणी ढकलावं लागत नाही," ते म्हणतात. "पाणचक्कीला डोंगराकडचं पाणी खापराच्या नळांतून असंच येतं."

सिलिकॉन पुरतं धरायला २४ तास लागतात. तोवर गाडी हलवायची नाही, नळ उघडायचा नाही. शेडबाहेर टँकर येऊन थांबतो. कामगार बादल्या घेऊन रांगेला लागतात. काकू त्यांच्याकडं बघत चहाचा कप धरून बसतात. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं. गाडीतला पंप मिनिटाला दहा लिटर पाणी फेकतो, म्हणजे तोटी उघडी राहिली तर नऊ मिनिटांत टाकी रिकामी, हे मिस्त्री त्यांना समजावतात. काकू शांतपणे म्हणतात, "आम्ही तांब्यानं भांडी विसळतो, भाऊ." तरी तोटीला फेस करणारी जाळी बसते. धार निम्म्यावर येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षा. जाळीवर बूच लावून सिंक काठोकाठ भरतात. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरतात. मग बूच काढतात. पाणी गुरगुरत उतरतं. कागद कोरडा. बॉल व्हॉल्व्ह बंद करून गाडी रांजणगाव शेणपुंजीच्या रस्त्याला निघते. गतिरोधक, खड्डे, कडेची खडी. मिस्त्री मुद्दाम एकही चुकवत नाहीत. मागे भांडी खणखणतात. परत आल्यावर सगळे गुडघ्यावर बसून आत बघतात. कपलिंगखाली कागदावर नाण्याएवढा ओला डाग आहे. पोपट पान्यानं पाव फेरा. पुन्हा पाणी, पुन्हा तोच रस्ता. या वेळी कागद कोरडा राहतो.

शेडच्या दारात दुसरा टेम्पो हॉर्न देतोय. निघण्याआधी मिस्त्री मार्करनं कप्प्याच्या दाराला आतून तीन ओळी लिहितात. पहिल्या शंभर किलोमीटरला नट तपासा. गाडी चालताना व्हॉल्व्ह बंद. दर महिन्याला कडेचं सिलिकॉन बघा.

काकू मार्कर मागून घेतात आणि खाली चौथी ओळ लिहितात: खरकटं आधी पुसून घ्या, मगच पाणी सोडा.