माकुणसारला उभी असलेली पिकअप

चिल्हार फाट्याकडून बोईसरला येताना आमची पिकअप पुढच्या ट्रेलरखाली घुसली. चालकाच्या कपाळाला खोक पडली, तेवढ्यावर निभावलं. गाडीचं नाक मात्र थेट केबिनपर्यंत आत आलं. पोलिसांचा पंचनामा उरकला आणि टोचन लावून ती माकुणसारला आणली.

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याची वाहनं मी सांभाळतो. बोईसरला गॅरेजं भरपूर, पण ठोकलेली गाडी महिनाभर उभी करायला जागा कुणाकडेच नाही. माकुणसारच्या फिटरकडे जागा आहे. खाडीचा खारा वाराही आहे, आणि तो फुकट मिळत नाही. रंग उडालेल्या पत्र्यावर आठवडाभरात तांबूस पापुद्रा धरतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर उशिरा आला की त्या उशिराचं भाडं गाडीच भरते.

मी पोचलो तेव्हा माझ्या हातात 3,20,000 रुपयांचं एस्टिमेट होतं. फिटरमामांनी ते घडी घालून बाजूला ठेवलं. "साहेब, बिल मागून बघू. आधी ओळंबा सोडू."

ओळंबा म्हणजे गवंड्याचाच. गाडी सपाट कोब्यावर चार घोड्यांवर चढवली. चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या ठरलेल्या भोकांतून दोरी सोडून खाली जमिनीवर खडूच्या खुणा केल्या. मग गाडी खाली उतरवून, ढकलून बाजूला घेतली आणि खुणांमध्ये टेपने कर्ण मोजले. चेसिस सरळ असेल तर दोन्ही कर्ण सारखे भरतात. आमचे पुढचे कर्ण जवळजवळ दोन बोटांनी चुकले. मामांनी खडू खिशात टाकला आणि काहीच बोलले नाहीत. वाकलेली चेसिस ओढून सरळ होते, पण पूर्ण भारावर गाडी एका बाजूला खेचत नाही ना, टायर एका कडेने खात नाही ना, हे पुढचे सहा महिने रस्त्यावरच कळतं. मागच्या वर्षी आमच्या एका कारचा दर्शनी भाग याहून भयानक दिसत होता. कर्ण मात्र जुळले. ती दुरुस्त केली आणि आजही रोज पालघरला जाते.

मग कागद. विम्याच्या व्यवहारात दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' ठरते. आमची आयडीव्ही 5 लाख. म्हणजे रेघ 3,75,000 वर, आणि आम्ही तिच्या खाली. विमा कंपनीच्या लेखी गाडी दुरुस्तीयोग्य. पण दुरुस्तीयोग्य म्हणजे सगळे पैसे मिळणार असं नव्हे. गाडीला चार वर्षं उलटलेली, म्हणून लोखंडी सुट्या भागांवर 35 टक्के कापले जाणार, प्लॅस्टिक-रबरावर निम्मे. काचेवर काही नाही. व्यावसायिक वाहनाला आणखी एक खोच असते: आयएमटी-23 हे कलम पॉलिसीत जोडलेलं नसेल तर बॉनेट, बंपर, हेडलाइट, मडगार्ड आणि रंग यांचे पैसे अंशतः नुकसानीत मिळतच नाहीत. आम्ही ते घेतलं होतं. तरीही कपात जोडून आमच्या खिशातून जाणारे सुमारे 80,000 निघाले.

आमच्या हिशेबनिसांना मात्र वेगळीच रक्कम सलत होती. वर्षाला 15 टक्के घसारा वजा करून पुस्तकात गाडी अजून पावणेपाच लाखांची. ती दीड-दोन लाखांना द्यायची म्हणजे नुकसान, असं त्यांचं म्हणणं. मला हे कधीच पटलेलं नाही. ते नुकसान ट्रेलरखाली जाताना झालं. विकल्याने फक्त पुस्तकात दिसतं. उलट पुस्तकी किमतीहून कमी दराने विकली तर मार्जिनच उरत नाही, म्हणून जुन्या गाडीच्या विक्रीवरचा 18 टक्के जीएसटीही लागत नाही.

विचारायला हवं ते एवढंच: आहे तशी किती देते, आणि दुरुस्त केल्यावर किती देईल? भंगाराच्या नव्हे, ठोकलेल्या गाड्या घेणाऱ्या दोघांना बोलावलं. वरची बोली 1,60,000. सर्व्हेअरशी बोलून 'कॅश लॉस'चा मार्ग निघाला, म्हणजे दुरुस्ती न करता विमा कंपनी कमी रकमेवर दावा मिटवते. 1,50,000 वर जमलं. दुरुस्त केली असती तर अपघाती पिकअप म्हणून बाजारात साडेतीन लाखांच्या वर जेमतेम. त्यातून आमचे 80,000 वजा. आणि पार्ट येईपर्यंतच्या 45 दिवसांत भाड्याच्या गाडीचा दिवसाला 2,000 जादा भार, म्हणजे 90,000. नवी गाडी पंधरा दिवसांत दारात येणार होती. हे दिवस एस्टिमेटमध्ये कुणी लिहीत नाही.

एसटीला हे गणित वेगळं पडतं. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथे स्वतःच्या कार्यशाळा. जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढवायची ताकद घरातच. आमच्यासारख्या सात-आठ गाड्यांच्या ताफ्याने त्यांची नक्कल करू नये.

विकायचं ठरलं तरी काम संपलं नव्हतं. घेणारा म्हणाला, "पैसे रोख घ्या, सह्या करा, बाकीचं मी बघतो." हे 'बाकीचं' फार महाग पडू शकतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. पुढे ती गाडी कुणाला धडकली तर भरपाई त्याच्याकडून. माकुणसारची पिकअप कुठल्यातरी गॅरेजात दुरुस्त होऊन आमच्याच नावाने रस्त्यावर धावली असती. म्हणून मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 समोर बसून भरून घेतले आणि त्याचे 20,000 अनामत म्हणून नाव बदलेपर्यंत अडकवून ठेवले. घेणारा रुसला. मग त्याने उभ्या गाडीतली स्टेपनी गायब असल्याचं शोधून काढलं आणि तीन हजार कापले. ती माकुणसारला येण्याआधी गेली की नंतर, यावर मामा आणि चालक यांचं अजून पटलेलं नाही.

गाडी एका ढगाळ सकाळी ओढून नेली. त्यानंतर रोज चहा आला की मी फोनवर तिचा नंबर टाकून पाहत असे. तेविसाव्या दिवशी मालकाच्या रकान्यात दुसऱ्याची अक्षरं दिसली. मी अडकवलेले पैसे परत केले आणि ड्रॉवरमधली दुसरी चावी पाकिटात घालून त्याच्याकडे पाठवून दिली.